वणव्यानंतर शमीझला भराभर फुटवे आलेत, मग वसंतात मुद्दाम जाळलं तर चालतं का?

डोंगरउतार

नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियातल्या झाडाझुडपांवर इथे बरेच जण लिहितात म्हणून विचारतोय. मी सॅन डिएगो काउंटीच्या आतल्या भागात राहतो, घरामागे डोंगर आहे आणि त्यावर सगळं शॅपरल, म्हणजे कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत जाणारी दाट, कडक, सदाहरित झुडपं, त्यात निम्म्याहून जास्त शमीझच आहे. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, ॲडेनोस्टोमा फॅसिक्युलेटम, गुलाबाच्या कुळातलं, पण पानं बघून कुणाला खरं वाटणार नाही, सुईसारखी बारीक आणि झुबक्या-झुबक्यांनी लागलेली, उन्हाळ्यात चुरगाळली तर बोटांना तेलकट लागतात.

गेल्या फॉलमध्ये, म्हणजे पानगळीच्या मोसमात, सँटा ॲना वाऱ्यात (आतल्या वाळवंटाकडून समुद्राकडे सुटणारा गरम, कोरडा वारा) वणवा आला आणि डोंगराची दक्षिणेकडची बाजू पार जळून गेली. घरं वाचली. उतारावर नुसते काळे सांगाडे उभे राहिले, मला वाटलं संपलं सगळं, पण पावसाचा एक थेंब पडायच्या आधीच बऱ्याच सांगाड्यांच्या बुडाशी हिरवे-तांबूस कोंब आले आणि आता त्यांचे चांगले झुबके झालेत. इतका आनंद झाला म्हणून सांगू, रोज संध्याकाळी जाऊन बघतो.

आता खरा प्रश्न. उत्तरेकडची बाजू जळलेली नाही. तिथे येत्या एप्रिल-मेमध्ये प्रिस्क्राइब्ड बर्न, म्हणजे ठरवून, माणसं उभी करून लावलेली आग, करायचा प्रस्ताव आमच्या भागातल्या बैठकीत आलाय. कारण असं सांगितलं की वसंतात माती ओली असते, झुडपं हिरवी असतात, आग हाताबाहेर जात नाही, आणि शमीझची काळजीच करू नका, ते कितीही जाळलं तरी परत येतं, पलीकडच्या उतारावर दिसतंयच की. हे शेवटचं वाक्य मला खटकतंय पण नेमकं का ते सांगता येत नाहीये. वणव्यातून उठलेलं झुडूप ठरवून लावलेल्या आगीतूनही तसंच उठतं का? किती वर्षांनी परत जाळलं तर चालतं? आणि दक्षिणेकडच्या उतारावर नंतर काही बघायचं असेल तर काय बघू? बैठकीत बोलायचंय, नीट समजून घेऊन बोलायचंय.

कातळफूल

खटकतंय ते बरोबर आहे. परत येतं हे खरंच, पण कुठून येतं आणि कशाच्या जोरावर येतं ते बघितलं की ऋतूचा प्रश्न आपोआप समोर येतो.

एखाद्या जळक्या शमीझच्या बुडाशी बसा आणि हाताने माती बाजूला करा. जमिनीलगत आणि थोडी खाली लाकडाची एक वेडीवाकडी, गाठाळ गड्डी लागेल, तिला बर्ल म्हणतात, पुस्तकात लिग्नोट्यूबर. जुन्या झुडपाची असेल तर ती दोन्ही हातांच्या ओंजळीत मावत नाही. त्या गड्डीच्या सालीखाली भरपूर सुप्त डोळे असतात. वरचा पसारा जिवंत असेपर्यंत ते दबलेले राहतात, फांद्यांच्या शेंड्यांकडून येणारी संप्रेरकं त्यांना फुटू देत नाहीत, शेंडे जळाले की तो दाब जातो आणि डोळे फुटतात. वर आगीत लाकूड कोळसा होतं तरी मातीत दोन-चार इंच खाली उष्णता झपाट्याने कमी होते, म्हणून गड्डी वाचते. पावसाआधी कोंब कसे आले हे बऱ्याच जणांना कोडं वाटतं. मुळं खडकाच्या भेगांतून खूप खोल गेलेली असतात, पंचवीस फुटांपर्यंत गेलेली नोंदवली आहेत, आणि पाणी उडवणारी पानंच जळून गेल्यामुळे खाली जी थोडी ओल आहे ती कोंबांना पुरते.

पण नवीन पानं स्वतःचं अन्न करू लागेपर्यंत हे कोंब चालतात ते मुळांत आणि गड्डीत साठवलेल्या स्टार्चवर. आणि तो साठा वर्षभर सारखा नसतो. हिवाळ्यात पाऊस पडतो, वसंतात नवीन फांद्या निघतात, मग पांढरे तुरे येतात, या सगळ्याला लागणारा माल त्याच साठ्यातून जातो. त्यामुळे वसंतातली वाढ आटपते त्या सुमारास, म्हणजे साधारण तुमच्या एप्रिल-मे-जूनलाच, साठा तळाला गेलेला असतो. १९६० च्या आसपासच शमीझवर याचं काम झालंय, साठा कमी असताना झुडूप तोडलं की फूट कमी येते आणि जास्त झुडपं मरतात. फॉलमध्ये साठा बऱ्यापैकी भरलेला असतो, तुमच्या दक्षिण उतारावरची झुडपं त्या जोरावर उठलीत.

ज्यांनी उसाचा खोडवा बघितलाय त्यांना हे लगेच कळेल, बुडख्यात जोर असताना तोडलं तर फुटवा जोमात येतो आणि तोच फड दमायला लागला की नांग्या पडत जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे आगीनंतर काय वाढून ठेवलंय. फॉलच्या वणव्यानंतर लगेच हिवाळ्याचा पाऊस असतो. मेमध्ये जाळलं तर कोवळ्या कोंबांपुढे थेट पाच-सहा महिन्यांचा कोरडा उन्हाळा. साठा रिकामा आणि वरून पाणी नाही, दोन्ही एकदम. त्यामुळे दक्षिणेकडचा उतार दाखवून उत्तरेकडच्या उताराची खात्री देता येत नाही.

सह्यकडा

छान लिहिलंय ताई. मला एक शंका, वसंतातली आग तर सौम्य असते ना, ज्वाळा कमी, धग कमी. मग झुडपाला आणि मातीला इजाही कमीच व्हायला हवी. वणवा एवढा भयंकर असूनही झुडूप वाचतं तर सौम्य आगीत जास्त वाचायला हवं, साधा हिशोब हाच येतो.

किटाळ

मी ठरवून आग लावणाऱ्या क्रूबरोबर काम केलंय म्हणून या बाजूने लिहितो.

आधी हे सांगतो की तो हिशोब अर्धा खरा आहे. धग जास्त तर फूट कमी हे शमीझवर मोजलं गेलंय, मोरेनो आणि ओशेल या दोन अभ्यासकांनी १९९१ मध्ये सदर्न कॅलिफोर्नियातल्या शॅपरलवर तेच छापलं होतं, जास्त धग बसलेली झुडपं उशिरा फुटली, कमी फुटली, जास्त मेली. धग किती होती हे आग विझल्यावरही कळतं. उभ्या सांगाड्यावर उरलेली सगळ्यात बारीक काडी बघायची. काडेपेटीतल्या काडीएवढ्या डहाळ्या अजून शाबूत असतील तर आग हलकी गेली, आणि बोटाएवढ्या जाडीपर्यंत सगळं जळून नुसते खुंट उरले असतील तर तिथे चांगलंच भाजलंय. डोंगरउतार, तुमच्या उतारावर हे सहज बघता येईल.

आता वसंत का निवडतात ते. शमीझच्या जिवंत पानांत आणि बारीक डहाळ्यांत पाणी किती आहे हे इथली अग्निशमन खाती वर्षभर दर पंधरवड्याला वगैरे मोजत असतात, लॉस एंजेलिस काउंटीत तर हे कित्येक वर्षं चालू आहे. पद्धत अगदी साधी, कात्रीने हिरवे शेंडे कापायचे, पत्र्याच्या डबीत घालून झाकण टेपने बंद करायचं, वजन करायचं, मग ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या थोडं वर दिवसभर सुकवून परत वजन. गेलेलं पाणी भागिले सुका माल, म्हणून आकडा शंभरच्या वरही जातो. भर वसंतात तो शंभराच्या बराच वर असतो, उन्हाळाभर उतरत जातो आणि फॉलमध्ये ६० टक्क्यांच्या आसपास येतो. ७९ टक्क्यांच्या खाली गेला की मोठे वणवे लागायला लागतात असं लॉस एंजेलिस काउंटीच्या आकडेवारीतून निघालंय, आणि ६० ला तर धोक्याची रेषाच धरतात. आता कुठलाही बर्न बॉस, म्हणजे ठरवून लावलेल्या आगीचा प्रमुख, फॉलमध्ये, ६० टक्क्यांवर, कधीही सँटा ॲना सुटेल अशा वेळी घरांच्या वरच्या डोंगरावर ड्रिप टॉर्च (पेटतं इंधन थेंब-थेंब टाकणारी आग लावायची डबी) पेटवायला तयार होणार नाही, आणि होऊही नये. म्हणून जमते ती वेळ म्हणजे हिवाळ्याचा शेवट आणि वसंत. माणसांच्या सुरक्षेच्या दृष्टीने बरोबर, झुडपाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट. हा पेच खरा आहे, तो कुणाच्या हलगर्जीपणामुळे तयार झालेला नाही, आणि बैठकीत बोलताना हे लक्षात ठेवलंत तर समोरचे लोक ऐकून घेतील.

सौम्य आगीबद्दल अजून एक, शॅपरलमध्ये खऱ्या अर्थाने सौम्य आग फारशी नसतेच. पाइनच्या जंगलात जमिनीवरचा पालापाचोळा जळत जातो आणि झाडाचा शेंडा हिरवा राहतो, इथे आग लागते ती झुडपाच्या डोक्यातूनच जाते, नाहीतर मग लागतच नाही, वसंतात कित्येकदा टॉर्च फिरवून फिरवून हात दुखतो आणि तुकड्या-तुकड्यांनी जळतं. म्हणजे सौम्य आगीतही झुडपाचा वरचा भाग बहुतेक जातोच, साठ्यातून खर्च तेवढाच होतो.

मूठभर_माती

सगळे गड्डीबद्दल बोलताय, मी मातीतल्या बियांबद्दल बोलते, माझ्या मते निम्मा विषय तिथे आहे.

शमीझ दोन्हीकडून येतं, गड्डीतूनही आणि बियांतूनही. त्याच्या बियाही दोन तऱ्हेच्या, काही ओल मिळाली की रुजतात, काही वर्षानुवर्षं मातीत पडून राहतात आणि आगीची धग लागल्याशिवाय हलत नाहीत. मेलेल्या झुडपांची जागा भरून निघते ती या दुसऱ्या बियांमुळे. आता कोरडी बी बरीच धग सोसते. तीच बी पाणी पिऊन फुगलेली असेल तर त्याहून कितीतरी कमी तापमानाला शिजून मरते. ओल्या मातीत आग लावणं म्हणजे नेमकं हेच. सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीच्या टॉम पार्कर यांनी १९८० च्या दशकात ओल्या मोसमातल्या बर्नचा शॅपरलवर काय परिणाम होतो ते बघितलं होतं आणि नंतर रोपं कमी दिसतात त्याचा या बिया मरण्याशी थेट संबंध आहे. सीअनोथस या शॅपरलमधल्याच दुसऱ्या झुडपाच्या बियांचं कवच कडक असतं, आगीने तडकेपर्यंत पाणी आत जातच नाही, त्या त्यातल्या त्यात वाचतात. पण वसंतातली आग पुरेशी धग न देताच गेली तर त्यांचं कवचही तडकत नाही.

आणि हो, नुसत्या शमीझकडे बघून डोंगराचा निर्णय घेऊ नका. तुमच्या उतारावर टोयॉन, स्क्रब ओक, लॉरेल सुमॅक असतील तर ती बुडातून फुटतात, पण टोयॉनच्या बिया आगीत टिकत नाहीत, त्याची मदार सगळी फुटीवर. उलट बिगबेरी मॅन्झनीटा आणि सीअनोथसच्या बऱ्याच जाती अजिबात फुटत नाहीत, झुडूप मेलं की मेलं, पुढची पिढी फक्त मातीतल्या बियांतून. शमीझचे फुटवे बघून सगळं परत आलं असं वाटतं आणि त्यातून हे फक्त बीवर जगणारे गुपचूप गेलेले कुणाच्या लक्षातही येत नाहीत, मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

एप्रिल-मे म्हणजे रेंटिट आणि कॅलिफोर्निया थ्रॅशर या पक्ष्यांची घरटी त्याच झुडपांत असतात. आणि मॅरिपोसा लिलीसारख्या कंदांची पानं-फुलंही तेव्हाच वर आलेली असतात, फॉलमध्ये हेच कंद खाली निवांत झोपलेले असतात. प्रस्तावात हे आलंय का बघा.

ओहोळ

किती वर्षांनी परत जाळलं तर चालतं याचं उत्तर कुणी दिलं नाही अजून, आणि तुम्ही सॅन डिएगो काउंटीत राहता तर याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण तुमच्याच काउंटीत आहे.

मेक्सिकोच्या सीमेजवळचा ओटाय माउंटन. १९७९ मध्ये तिथे वणवा लागला. माती वाहून जाऊ नये म्हणून जळलेल्या भागावर परदेशी रायग्रासचं बी टाकलं गेलं. गवत उत्तम आलं, वाळलं, आणि १९८० मध्ये त्याच वाळलेल्या गवतातून आग परत त्याच उतारावरून गेली. एका वर्षात दुसऱ्यांदा. नुसती जळकी खोडं असती तर ती आग चालली नसती, जळायला काहीच नव्हतं, तिला पुढे नेलं ते गवताने. पॉल झेडलर हे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून १९८३ मध्ये छापलं, तिथला न फुटणारा सीअनोथस जवळजवळ नाहीसा झाला, आणि शमीझ, जे कितीही जाळलं तरी येतं म्हणतात, तेही खूप विरळ झालं. कारण पहिल्या आगीनंतर उठलेल्या झुडपांनी साठा फुटव्यांत घातलेला, तो भरायला वेळच मिळाला नाही, आणि बियांतून आलेली रोपं तर वीतभरही नव्हती, त्यांना गड्डीच झालेली नव्हती. तोच डोंगर पुढे २००३ आणि २००७ मध्येही जळला.

ही गवताची साखळी एकदा सुरू झाली की फार वाईट. शॅपरल विरळ झालं की मधल्या मोकळ्या जागेत परदेशी वार्षिक गवतं येतात, रेड ब्रोम वगैरे, ती मे-जूनमध्येच वाळून कोळ होतात, हिरव्या झुडपापेक्षा कितीतरी सहज पेटतात, मग आग लवकर परत येते, झुडपं अजून विरळ होतात. म्हणजे वणव्याचा धोका कमी करायला म्हणून लागोपाठ जाळलं आणि शेवटी हाताला लागलं काय तर वर्षातले जास्त महिने पेटायला तयार असलेलं गवत. हे होऊ नये म्हणून दोन आगींमध्ये निदान पंधरा-वीस वर्षं तरी जावीत असं बहुतेक अभ्यासक धरतात, आणि पूर्वी या भागात एका जागी आग परत यायला तीस ते शंभर वर्षं किंवा जास्त लागायची. उलट बाजूने सांगायचं तर जुनं झालं म्हणून शॅपरलला आगीची गरज पडते हेही खरं नाही, शंभरच्या वर वय असलेल्या शॅपरललाही आगीनंतर चांगली फूट येते, अगदी नीट मोजलेलं आहे.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, उत्तरेकडचा उतार जाळूच नका. सँटा ॲना सुटली की वाऱ्यावर निखारे पार पुढे उडतात, २००३ चा सीडर फायर दोन लाख सत्तर हजार एकरांवर गेला, मध्ये तरुण शॅपरलचे पट्टे होते तरी थांबला नाही.

किटाळ

ओहोळ, बाकी सगळं मान्य पण शेवटचं सरसकट नको. सँटा ॲनात पट्टा आगीला थांबवत नाही हे खरं, पण वणवे काही फक्त सँटा ॲनातच लागत नाहीत, आणि वारा पडल्यावर क्रूला उभं राहायला, गाडी आत घालायला, माणसं बाहेर काढायला असा मोकळा पट्टा लागतो. घरांना लागून, रस्त्याला लागून एक अरुंद पट्टा राखणं वेगळं आणि अख्खा उतार जाळणं वेगळं. कुमेआय लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी, याच प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या आग वापरत आलेत, त्यामुळे माणसाने लावलेली आग म्हणजे वाईटच असंही म्हणता येत नाही. कुठे, किती, कधी हे विचारा. आणि सिएरा नेवाडातल्या पाँडेरोसा पाइनच्या जंगलात वारंवार हलकी आग हवीच असते, तिथली उदाहरणं इथे देऊ नका आणि इथली तिथे, बैठकांमध्ये हा घोळ कायम होतो, दोन्ही बाजूंकडून.

डोंगरउतार

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल उतारावर परत गेलो आणि किटाळ म्हणाले तसं काड्या बघत फिरलो. फरक ठळक दिसतो. वरच्या धारेवर बारीक डहाळ्याही उभ्या आहेत आणि तिथे जवळजवळ प्रत्येक बुडाला झुबका आहे. खाली ओहोळाच्या घळीत, जिथे मेलेलं लाकूड साचलेलं होतं, तिथे जाड खुंटच उरलेत, माती पांढरट झालीय आणि सलग बऱ्याच बुडांना काहीच नाही. छोटी झुडपं जास्त गेलेली दिसतात. शिवाय मधल्या भागात फुटवे आलेत पण सगळे एका उंचीवर खुडलेले, टोकं तिरकी कापल्यासारखी, ससे की हरणं? आणि ज्यांना अजून फूट नाही ती मेली असं धरू का? बुडांच्या मध्ये जमिनीवर बारीक रोपंही दिसली, पानं कातरलेली, शमीझसारखी सुईची नाहीत, ती काय असतील?

कातळफूल

कातरलेल्या पानांची रोपं शमीझचीच असू शकतात, लहानपणी त्याची पानं अशी विभागलेली असतात, सुया नंतर येतात. एक-दोन रोपांना काडी रोवून खूण करा आणि पानं बदलताना बघा, खात्री होईल. पहिल्या वसंतात रोपांचा सडा पडतो आणि पहिल्या उन्हाळ्यात त्यातली बहुतेक वाळतात, ते बघून घाबरू नका, थोडी जरी तग धरून राहिली तरी मेलेल्या झुडपांच्या जागा त्यातूनच भरतात.

खुडलेले शेंडे तिरके आणि स्वच्छ कापलेले असतील तर ससे, फाटल्यासारखे, धागे लोंबणारे असतील तर हरीण, कारण हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते ओढून तोडतं. कोवळा शमीझचा फुटवा हरणांना इतका आवडतो की १९५० च्या दशकात उत्तर कॅलिफोर्नियातल्या लेक काउंटीत हरणांना चारा मिळावा म्हणून शमीझ मुद्दाम जाळून बघायचे. आगीनंतर पहिल्या वर्षी प्रथिनं जास्त असतात. मोठ्या वणव्यात खाणारे पसरून जातात, त्यामुळे एकेका झुडपावर ताण कमी. छोट्या तुकड्यात आग लावली तर आजूबाजूची सगळी जनावरं त्याच तुकड्यावर उतरतात आणि खुडलेला प्रत्येक कोंब साठ्यातून परत भरावा लागतो. ठरवून लावलेल्या आगीबद्दल बोलताना हा मुद्दा कुणी काढत नाही, तुम्ही काढा.

न फुटलेल्यांना एवढ्यात मेलेलं धरू नका. जास्त भाजलेली गड्डी उशिरा फुटते, मातीत खोल गेलेल्या बाजूने फुटते, उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत वाट बघा. आणि उलट, आज झुबका आहे म्हणून ते झुडूप वाचलं असंही लगेच धरू नका, हे जास्त महत्त्वाचं आहे. आगीनंतर कडक दुष्काळ आला तर फुटवे आलेली झुडपंसुद्धा नंतर मरतात, कॅलिफोर्नियातल्याच शॅपरलच्या काही जातींबाबत २०१४ मध्ये हे छापून आलंय. कोवळ्या फुटव्यांना पाणी ओढणाऱ्या नळ्यांत हवा शिरण्याचा धोका जुन्या लाकडापेक्षा जास्त असतो आणि साठाही आधीच खर्च झालेला. म्हणून मोजणी दोनदा करा, एकदा आत्ता आणि एकदा येत्या ऑक्टोबरमध्ये पहिल्या पावसाच्या आधी. वरच्या धारेवरची काही बुडं, घळीतली काही, मधली खुडलेली काही, प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला बांधा आणि ठरलेल्या जागेवरून फोटो काढा. कोरड्या मोसमातून किती निघाली तो आकडा तुमच्याकडे असला पाहिजे.

आणि एक विनंती, घळीत पांढरट माती आहे तिथे चालणं शक्यतो टाळा, तिथे बिया आधीच कमी उरल्या असतील. गवताचं बी टाकायची कुणी हौस दाखवली तर हात जोडून नको म्हणा, ओटायची गोष्ट वर आलीच आहे. उलट रेड ब्रोमची रोपं कडेला दिसली तर बी धरायच्या आधी उपटून टाका, हे काम माणूस एकटाही करू शकतो आणि त्याचा उपयोग खरोखर होतो.

ओहोळ

किटाळ यांचं म्हणणं मान्य, घरांलगतच्या पट्ट्याबद्दल माझी हरकत नाही. तिथे तर कायद्यानेच शंभर फुटांपर्यंत मोकळीक राखायची असते आणि ते काम कात्री-करवतीने होतं, त्याला आग लावायची गरज नसते.

डोंगरउतार, बैठकीआधी एक नक्की करा. कॅल फायरने, म्हणजे राज्याच्या वन-अग्निशमन खात्याने, राज्यातल्या जुन्या वणव्यांच्या सीमांचे नकाशे ठेवलेले आहेत, कुणालाही बघता येतात. उत्तरेकडचा उतार शेवटचा कोणत्या साली जळला ते त्यातून काढा. पंधरा-वीस वर्षांच्या आतलं साल निघालं तर प्रस्तावाला तिथेच उत्तर आहे. त्याहून जुनं निघालं तर विचारायचं ते हे, पट्टा नेमका किती रुंद, मेच्या ऐवजी झुडपांची वसंतातली वाढ सुरू व्हायच्या आधी करता येईल का, आणि आगीनंतरची दोन वर्षं ससे-हरणं आणि गवत यांच्यावर लक्ष ठेवायला पैसे आणि माणूस कुणी दिलाय. आणि ओल्या मातीतल्या बियांचं काय करणार हेही विचारा, कारण आधी जाळायचं म्हटलं की माती आणखीच ओली असणार, त्यावर मलाही चांगला तोडगा माहीत नाही आणि ते त्यांनी लेखी द्यायला हवं.